मळसूत्री चुंबक : म्युनिक, ओक रिज आणि आपले ट्रॉम्बे

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्यात निम्म्या अभिमानाने आणि निम्म्या थट्टेने उच्चारली जाते. आजच्या धाग्याची सुरुवात खरोखरच जर्मनीत होते, आणि त्यातल्या काही वस्तू परभणीकरांच्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत. विषय भौतिकशास्त्राचा आहे. परंतु मी इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे समीकरणे कमी आणि माणसे, यंत्रे, करारमदार जास्त येतील. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रश्न साधा आहे. एखाद्या स्फटिकाच्या आत अब्जावधी अणू असतात आणि त्यांतले काही अणू स्वतःच चिमुकले चुंबक असतात. या चुंबकांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत, हे पाहायचे कसे?

१९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिख आणि क्निपिंग या दोघांनी मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरण सोडले. पलीकडच्या छायाचित्र-काचेवर ठिपक्यांची रचना उमटली. स्फटिकातील अणूंच्या रांगांवरून लाटा विखुरतात आणि ठरावीक कोनांतच एकमेकींना बळ देतात. या घटनेला विवर्तन म्हणतात. पुढे ब्रॅग पिता-पुत्रांनी त्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा मोजण्याची रीत बसवली. अणू कुठे बसला आहे, हे कळू लागले. पण तो कोणीकडे तोंड करून बसला आहे, हे क्ष-किरणांना जवळजवळ दिसत नाही. त्यांचे नाते अणूतील इलेक्ट्रॉनांच्या विद्युतभाराशी. चुंबकत्वाशी अगदीच नाममात्र. हे कोडे पुढची ३७ वर्षे तसेच राहिले.

आता थोडे आडवळण घेऊ, कारण ज्या धातूंची ही गोष्ट आहे ते आपल्याकडे भौतिकशास्त्राच्या वाटेने आलेच नाहीत. ते वरातीच्या वाटेने आले.

जुन्या माणसांना विचारा. वीज नसलेल्या गावांत लग्नाची वरात निघे तेव्हा डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसे दोन्ही बाजूंनी चालत. त्या बत्तीतली पांढरी जाळी, म्हणजे ‘मेंटल’, ही ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांची देणगी. १८८५ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले आणि १८९१ च्या सुमारास तिचा उत्तम नुसखा बसवला : ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड. यांतले सेरियम हे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांपैकी एक. याच गृहस्थांनी १८८५ मध्येच ‘डिडिमियम’ नावाचे जे एक मूलद्रव्य समजले जात होते ते फोडून त्यातून निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम अशी दोन काढून दाखवली. लायटरमध्ये ठिणगी पाडणारा खडाही त्यांचाच. त्यातही सेरियम आहेच.

या मेंटलांसाठी युरोपला थोरियम हवे होते आणि ते मोनाझाइट नावाच्या वाळूत सापडे. १९०९ साली शोमबेर्ग नावाच्या जर्मन माणसाला त्रावणकोर संस्थानाच्या मनवलकुरिची किनाऱ्यावर ही वाळू आढळली. (जर्मनी पुन्हा आलीच.) पुढे थोरियमला अणुऊर्जेमुळे भाव आला. त्रावणकोरने १९४६ मध्ये मोनाझाइटच्या निर्यातीवर बंदी घातली, आणि स्वातंत्र्यानंतर १९५० साली ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही सरकारी कंपनी निघाली. केरळमधील आलुवा येथे तिचा कारखाना १९५२ पासून चालू झाला. या कारखान्याच्या हिशेबात मान थोरियमला होता. दुर्मिळ मृदा हा सोबत निघणारा माल. राज्यसंस्थेने एका गोष्टीसाठी यंत्रणा उभारावी आणि ज्ञानाने दुसऱ्याच दाराने आत शिरावे, हा प्रकार या कथेत आणखी दोनदा येणार आहे.

आवर्तसारणीच्या तळाशी वेगळी काढून ठेवलेली एक ओळ असते : लँथनमपासून ल्युटेशियमपर्यंत. स्कँडियम आणि यिट्रियम हे दोघेही याच भाऊबंदकीत मोडतात. नाव दुर्मिळ असले तरी ही मूलद्रव्ये फारशी दुर्मिळ नाहीत; एकमेकांपासून वेगळी करणे मात्र अतिशय किचकट आहे, कारण रासायनिक स्वभाव सारखाच. त्यांचे चुंबकत्व मात्र एकेकाचे वेगळे. लोखंडाच्या एका अणूचे चुंबकीय परिबल एका ठरावीक मापाने सुमारे २.२ भरते, होल्मियमचे त्याच मापाने १० च्या आसपास. तरी होल्मियमचा तुकडा घरात ठेवला तर त्याला टाचणीही चिकटणार नाही. नेहमीच्या तापमानाला त्यातले अणुचुंबक जत्रेतल्या गर्दीसारखे चहूकडे तोंडे करून असतात. तुकडा थंड करत गेले की ते शिस्तीत येऊ लागतात.

गॅडोलिनियमचे उदाहरण परभणीकरांना आवडेल. हा धातू सुमारे २० अंश सेल्सिअसच्या खाली लोखंडासारखा चुंबकीय होतो आणि त्याच्या वर ते गुण गमावतो. म्हणजे आमच्याकडे डिसेंबरातल्या पहाटे तो चुंबकाला चिकटेल आणि मे महिन्यातल्या दुपारी हात झटकून मोकळा होईल. बाकीच्या भावंडांना याहून कितीतरी जास्त थंडी लागते. डिस्प्रोशियम १७९ केल्व्हिनला, होल्मियम १३२ ला, एर्बियम ८५ च्या आसपास व्यवस्थेत येते. (केल्व्हिन मोजणी उणे २७३ अंश सेल्सिअसपासून सुरू होते, १३२ केल्व्हिन म्हणजे सुमारे उणे १४१ अंश.) ही व्यवस्था नेमकी कशी असते, हेच पाहायचे होते.

त्यासाठी लागणारा साक्षीदार १९३२ साली केंब्रिजमध्ये जेम्स चॅडविक यांना सापडला. न्यूट्रॉन. त्याला विद्युतभार नसतो, त्यामुळे तो पदार्थात खोलवर शिरतो. पण तो स्वतः एक चिमुकला चुंबक असतो. सर्व कणांप्रमाणे त्यालाही लहर असते, आणि खोलीच्या तापमानाला स्थिरावलेल्या न्यूट्रॉनची लहर सुमारे १.८ अँगस्ट्रॉम लांब असते, म्हणजे स्फटिकातल्या दोन अणूंमधल्या अंतराच्या जोडीची. हा योगायोग नसता तर हा धागाही नसता. न्यूट्रॉनांचे विवर्तन होते हे १९३६ मध्ये प्रयोगाने दिसलेही. पण रेडियम-बेरिलियमच्या नळीतून निघणारे न्यूट्रॉन इतके थोडे की त्यावर मोजमापाचे शास्त्र उभे राहणे शक्य नव्हते. न्यूट्रॉनांची नदी हवी होती. ती दिली युद्धाने.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात ओक रिज येथे नोव्हेंबर १९४३ मध्ये ग्रॅफाइटची अणुभट्टी चालू झाली. हेतू उघड होता : बाँबसाठी प्लुटोनियम कसे करायचे याचा सराव. अर्नेस्ट वोलन या भौतिकशास्त्रज्ञाने भट्टीच्या भिंतीतल्या एका छिद्रातून बाहेर पडणारा न्यूट्रॉनांचा झोत स्फटिकावर सोडण्याची परवानगी मागितली. १९४६ साली क्लिफर्ड शल त्याला येऊन मिळाला. क्ष-किरणांसाठी बनवलेला कोनमापक, त्यात फेरफार, भोवती न्यूट्रॉन अडवणारे जाड आवरण. प्रारंभ असा.

१९४९ मध्ये शल आणि स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइडची पूड या झोतात धरली. खोलीच्या तापमानाला जी शिखरे दिसायला हवीत तीच दिसली. मग नमुना ८० केल्व्हिनपर्यंत थंड केला, आणि आलेखात नवीच शिखरे उगवली. त्यांच्या जागा पाहता स्फटिकाची पुनरावृत्ती दुप्पट अंतराने होत होती. अणू तर जागचे हलले नव्हते.

हे समजायला शेतात जावे. समजा एका ओळीत कापूस, पुढच्या ओळीत तूर, पुन्हा कापूस, पुन्हा तूर असे आंतरपीक आहे. दुरून फक्त ‘झाड आहे’ एवढेच दिसणाऱ्याला ओळींमधले अंतर समजा तीन फूट वाटेल. पीक ओळखणारा शेतकरी म्हणेल, कापसापासून कापसापर्यंत सहा फूट. क्ष-किरण हे पहिले पाहणारे. न्यूट्रॉन हा शेतकरी. मँगनीज ऑक्साइडमध्ये एका थरातील अणुचुंबक एका बाजूला आणि पुढच्या थरातील बरोबर उलट्या बाजूला तोंड करून होते, त्यामुळे बाहेरून बेरीज शून्य. याला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. लुई नेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात त्याचे भाकीत केले होते. नेल यांना १९७० मध्ये नोबेल मिळाले. शल यांना मिळायला १९९४ उजाडले. तोवर वोलन यांचा मृत्यू होऊन दहा वर्षे झाली होती, आणि हे पारितोषिक मरणोत्तर देत नाहीत.

दुर्मिळ मृदा धातूंची पाळी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून आली. त्यामागेही युद्धकाळच. आयोवा राज्यातील एम्स येथे फ्रँक स्पेडिंग यांचा गट युद्धात युरेनियम शुद्ध करत होता. त्याच कौशल्यातून या भावंडांना एकमेकांपासून अलग करण्याची रीत निघाली आणि शुद्ध धातूचे मोठे एकस्फटिक बनू लागले. एम्सचे स्फटिक आणि ओक रिजचे न्यूट्रॉन असा संसार जमला. ओक रिजमधील कोहलर, केबल, विल्किन्सन, वोलन यांनी एकेक धातू हाती घेतला.

होल्मियममध्ये त्यांना जे दिसले ते मला या सबंध इतिहासातले सर्वांत देखणे चित्र वाटते. हा स्फटिक षट्कोनी थरांचा. १३२ केल्व्हिनखाली एका थरातले सगळे अणुचुंबक एकाच दिशेला तोंड करतात. त्यावरच्या थरातले सगळे थोडे वळून बसतात. त्यावरचे आणखी थोडे. मिनारातला चक्री जिना चढताना प्रत्येक पायरी थोडी फिरलेली असते, तसेच. सुरुवातीला दर थराला सुमारे ५० अंशांचा फेर, आणि थंडी वाढत गेली की तो ३० अंशांपर्यंत खाली येतो. सुमारे २० केल्व्हिनच्या खाली सगळे चुंबक किंचित वर उचलले जातात आणि वळणारी दिशा शंकूच्या पृष्ठभागावर फिरू लागते. म्हणजे आतमध्ये चुंबकाचे मळसूत्र आहे, आणि बाहेरून धातूचा एक राखाडी तुकडा.

मळसूत्र ओळखले कसे? नेहमीच्या शिखराच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन लहान शिखरे उगवतात. मुख्य शिखरापासून त्यांचे अंतर जिन्याचा फेर सांगते आणि त्यांची उंची चुंबकांची ताकद. तापमान बदलले की ही उपशिखरे हळूहळू सरकतात. एर्बियममध्ये निराळाच प्रकार : तिथे आधी चुंबकांची ताकदच लाटेसारखी कमी-जास्त होते, आणि खोल थंडीत मग शंकू. एका घराण्यातल्या भावंडांचे स्वभाव इतके वेगळे असावेत, याचे कारण त्यांचे चुंबकत्व ज्या इलेक्ट्रॉनांत आहे ते अणूच्या खूप आत दडलेले असतात. शेजाऱ्याला ते थेट भेटत नाहीत. धातूत हिंडणारे मोकळे इलेक्ट्रॉन त्यांचे निरोप पोहोचवतात, आणि या निरोपाचा अर्थ अंतराप्रमाणे पालटतो : जवळच्याला ‘माझ्यासारखा बस’, थोड्या दूरच्याला ‘माझ्या उलट बस’. दोन्ही आज्ञा एकदम पाळायच्या तर वळत वळत बसण्यावाचून गत्यंतर नाही.

आता मुंबईकडे येऊ. ट्रॉम्बेचे मराठी नाव तुर्भे. नवी मुंबईतले तुर्भे वेगळे, घोटाळा करू नये. होमी भाभांच्या नेतृत्वाखाली येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही तरणतलावासारखी अणुभट्टी चालू झाली. इंधन ब्रिटनचे, बांधणी इथली, शक्ती १ मेगावॅट. त्याच वर्षी पद्मनाभ कृष्णगोपाल अय्यंगार हे पंचविशीतले भौतिकशास्त्रज्ञ कॅनडातील चॉक रिव्हर येथे गेले आणि बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्या हाताखाली न्यूट्रॉन-प्रकीर्णन शिकले. हेच ब्रॉकहाउस पुढे शल यांच्याबरोबर १९९४ च्या नोबेलचे मानकरी झाले.

अय्यंगार परतले ते शिकलेली विद्या हातात घेऊन. उपकरणे मात्र इथेच घडवायची होती. १० जुलै १९६० रोजी कॅनडाच्या मदतीने बांधलेली ४० मेगावॅटची भट्टी चालू झाली. तिचे जड पाणी अमेरिकेचे, म्हणून नाव ‘सायरस’ : कॅनडा, इंडिया, युनायटेड स्टेट्स यांच्या आद्याक्षरांचे. अप्सरेपेक्षा इथले झोत कितीतरी दाट होते. त्यांच्या तोंडाशी ट्रॉम्बेच्या कार्यशाळेत बनवलेले स्पेक्ट्रोमीटर बसले. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने न्यूट्रॉन-प्रकीर्णनावरची आपली परिषद मुंबईत भरवली. त्याच दशकात भारत, फिलिपीन्स आणि ही संस्था यांच्यात त्रिपक्षीय करार होऊन ट्रॉम्बेचा एक न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर फिलिपीन्सच्या संशोधन-भट्टीवर उभा राहिला आणि आशियातील इतर देशांच्या तरुणांना त्यावर शिक्षण मिळाले. स्वतंत्र होऊन वीस वर्षेही न झालेला देश दुसऱ्या देशाला न्यूट्रॉन विवर्तन शिकवतो, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीपुरतीही नाही.

चुंबकत्वाची शाखा ट्रॉम्बेत वाढवली ती एन. एस. सत्यमूर्ती यांनी. १९६९ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये त्यांचा, नातेरा, युसेफ, आर. जे. बेगम आणि सी. एम. श्रीवास्तव यांच्यासह लिहिलेला झिंक-निकेल फेराइटवरचा निबंध प्रसिद्ध झाला. फेराइट म्हणजे रेडिओच्या अँटेनात जो काळा दांडा असतो त्या जातीचे पदार्थ. त्यात दोन प्रकारच्या जागांवर बसलेले अणुचुंबक एकमेकांच्या उलट असतात. झिंक वाढवत गेले की एका बाजूची ताकद घटते, आणि मग दुसऱ्या बाजूच्या चुंबकांना सरळ उभे राहणे जमत नाही. ते कोनात झुकतात. याफेट आणि किटेल यांनी १९५२ मध्ये हा कोन कागदावर मांडला होता. ट्रॉम्बेच्या न्यूट्रॉनांनी तो मोजला.

इथे मराठवाड्यातल्या वाचकांनी क्षणभर थांबावे. आपल्याकडच्या महाविद्यालयांतून भौतिकशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यांपैकी अनेकांचा विषय फेराइट असतो. भट्टीत पूड भाजायची, क्ष-किरणांचा आलेख काढायचा, ‘रिटवेल्ड’ पद्धतीने तो जुळवायचा. हूगो रिटवेल्ड यांनी ही पद्धत १९६० च्या दशकात नेदरलँड्समधील पेटन येथे बसवली ती मुळात न्यूट्रॉनांच्या आलेखांसाठीच. आज ती क्ष-किरणांच्या प्रत्येक संगणकात आहे आणि तिचे न्यूट्रॉनी माहेर बहुतेकांना ठाऊक नाही.

मग १९७४ आले. १८ मेच्या पोखरण स्फोटात वापरलेले प्लुटोनियम सायरसमध्ये तयार झालेले होते, आणि त्या कामगिरीत अय्यंगार प्रमुखांपैकी होते. दुसरे ठळक नाव राजगोपाल चिदंबरम यांचे. त्यांनीही सायरसच्या झोतावरच अमिनो आम्लांतील हायड्रोजन बंधांचा अभ्यास केला होता. क्ष-किरणांना धड न दिसणारा हायड्रोजन न्यूट्रॉनांना स्पष्ट दिसतो. पुढे दोघेही अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांची चरित्रे आज बाँबच्या अंगाने लिहिली जातात आणि न्यूट्रॉनांची दीड-दोन दशके प्रस्तावनेत उरकली जातात.

माझे मत असे की हे वाचन अपुरे आहे, पण याच्या उलटचे, म्हणजे ‘शुद्ध विज्ञान वेगळे आणि बाँब वेगळा’ हे वाचनही तितकेच भाबडे आहे. ओक रिजची भट्टी प्लुटोनियमच्या सरावासाठी होती. सायरस संशोधनासाठी म्हणून दिली गेली आणि तिने प्लुटोनियमही दिले. दोन्हीकडे एकाच भिंतीतून दोन्ही गोष्टी बाहेर आल्या. होल्मियमच्या मळसूत्राचे सौंदर्य या हकीकतीने कमी होत नाही, पण ते कोणाच्या खर्चाने दिसले हे इतिहासकाराने नोंदवले पाहिजे. पोखरणची किंमतही लगेच मोजावी लागली : कॅनडाने अणुसहकार्य तोडले. ज्या चॉक रिव्हरमध्ये अय्यंगार शिकले होते, तिथले दार आता बंद झाले.

८ ऑगस्ट १९८५ रोजी सायरसच्या शेजारी ‘ध्रुव’ चालू झाली : १०० मेगावॅट, आराखडा आणि बांधणी पूर्णतः भारतीय. सुरुवातीला इंधनकांड्यांच्या कंपनांनी सतावले. पूर्ण शक्ती गाठायला १९८८ उजाडले. ध्रुवच्या गाभ्यात दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला १ वर १४ शून्ये, आणि त्याच्याही पावणेदोन पटींइतके न्यूट्रॉन वाहतात. नमुन्यापर्यंत त्यातला अगदी अल्प अंश पोहोचतो, म्हणून एका आलेखाला तास, कधी दिवस लागतात. क्ष-किरणांना चिमूटभर पूड पुरते. इथे काही ग्रॅम लागते. पूड भरायची ती व्हॅनेडियमच्या डबीत, कारण व्हॅनेडियमची स्वतःची शिखरे जवळजवळ नसतात. डबी आलेखात अदृश्य राहते. मग सारे द्रव हेलियमच्या थंडीत, ४ केल्व्हिनच्या आसपास उतरवायचे आणि वाट पाहायची.

विद्यापीठांतील लोकांसाठी १९९० च्या सुमारास एक आंतरविद्यापीठीय संस्था निघाली, आजचे नाव ‘यूजीसी-डीएई’ वैज्ञानिक संशोधन संघ. मुख्यालय इंदूरला, एक केंद्र मुंबईत. या संघाचा पूड-विवर्तनमापक ध्रुवच्या झोतावर बसला आहे. प्रस्ताव पाठवायचा, तो मान्य झाला की नमुना घेऊन ट्रॉम्बेला जायचे. मोठ्या यंत्राची किल्ली थोड्या लोकांच्या हाती राहू नये यासाठी केलेली ही व्यवस्था मला त्या यंत्राइतकीच महत्त्वाची वाटते. परभणीहून रात्रीच्या देवगिरीने निघालेला विद्यार्थी सकाळी मुंबईत उतरतो. प्रस्ताव लिहायला शिकवणारा मार्गदर्शक मिळणे मात्र त्या प्रवासापेक्षा अवघड आहे, आणि लहान गावांतले पुष्कळ चांगले नमुने क्ष-किरणांपाशीच थांबतात ते याच कारणाने.

कथेचा सर्वांत रंगतदार भाग १९९३-९४ चा, आणि तो ट्रॉम्बेहून दूर कुलाब्याच्या टोकाला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडतो. आर. नागराजन, चंदन मजुमदार, झाकीर हुसेन, एस. के. धर, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन आणि त्यांचे सहकारी यिट्रियम, निकेल आणि बोरॉन यांची संयुगे तपासत होते. काही नमुन्यांत १२ केल्व्हिनच्या आसपास अतिसंवाहकतेची, म्हणजे विजेचा रोध पूर्ण नाहीसा होण्याची, पुसट खूण दिसली. नमुन्याचा फार थोडा भाग तसा वागत होता. असली खूण मळ समजून सोडून देणे सर्वांत सोपे. त्यांनी ती सोडली नाही. मिश्रणात नकळत आलेला कार्बन हाच खरा कर्ता असावा, हे ओळखून त्यांनी तो मुद्दाम मिसळला आणि सबंध नमुना अतिसंवाहक झाला. हा निबंध जानेवारी १९९४ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला, त्याच महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या रॉबर्ट कावा यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये याच कुटुंबाची संयुगे जाहीर केली.

यात विशेष काय? अतिसंवाहकता आणि चुंबकत्व यांचे हाडवैर आहे. अतिसंवाहकतेत इलेक्ट्रॉन जोड्या करून चालतात आणि चुंबक त्या जोड्या फोडतो. १९७७ मध्ये एर्बियम-ऱ्होडियम-बोरॉनच्या संयुगात पाहिले गेले होते की थंड करता करता अतिसंवाहकता येते आणि आणखी थंड केल्यावर लोहचुंबकत्व जागे होऊन ती नष्ट करते. या नव्या कुटुंबात यिट्रियमच्या जागी होल्मियम, एर्बियम, डिस्प्रोशियम अशी भावंडे बसवता येत होती. म्हणजे दोन्ही वैऱ्यांना एका घरात ठेवून पाहण्याची सोय झाली.

होल्मियमच्या संयुगाचे वागणे तर बुचकळ्यात पाडणारे होते. सुमारे ८ केल्व्हिनला ते अतिसंवाहक होते. ५ ते ६ च्या दरम्यान ती अवस्था एकदम दुबळी पडते, इतकी की अल्पशा चुंबकीय क्षेत्रात रोध परत येतो. आणि ५ च्या खाली पुन्हा सारे सुरळीत. आत काय चालले आहे ते न्यूट्रॉनांनाच विचारायला हवे होते, पण मध्ये बोरॉनचा अडथळा. नैसर्गिक बोरॉनचा पाचवा हिस्सा हा १० वस्तुमानांकाचा समस्थानिक, आणि तो न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतो. अणुभट्टी थांबवायच्या कांड्यांत बोरॉन घालतात ते त्यासाठीच. तेव्हा निवळ ११ वस्तुमानांकाचा बोरॉन वापरून नमुने करावे लागले. १९९४ मध्येच अमेरिकेत मेरीलँड राज्यातील राष्ट्रीय मानक संस्थेच्या भट्टीवर आणि एम्सच्या गटाकडून ही मोजणी झाली.

उत्तर मिळाले ते असे. ५ केल्व्हिनच्या खाली होल्मियमचा एक थर एका दिशेला आणि पुढचा थर बरोबर उलट, १८० अंशांनी. वरचा आणि खालचा थर एकमेकांचा प्रभाव पुसून टाकतात आणि इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांना उपद्रव होत नाही. त्याच्या किंचित वर, त्या गोंधळाच्या पट्ट्यात, थर पूर्ण उलटत नाहीत. पंधरा-सतरा अंश कमी पडतात. त्यातून पुन्हा तेच मळसूत्र उभे राहते. शिवाय आडव्या दिशेनेही एक लाट त्याच पट्ट्यात दिसते. ताळा पूर्ण जमत नाही तोवर अतिसंवाहकता अडखळते. जमला की ती सावरते. डिस्प्रोशियमचे संयुग तर आधी सुमारे १० केल्व्हिनला चुंबकीय शिस्तीत येते आणि नंतर ६ च्या आसपास त्या शिस्तीच्या आतच अतिसंवाहक होते. वैर आहे खरे, पण नीट उलटसुलट बसलेल्या चुंबकांशी ते चालवून घेता येते.

संयुगाचा शोध कुलाब्याचा आणि न्यूट्रॉनांची गाजलेली साक्ष परदेशी भट्टीची, याची खंत काहींना वाटेल. मला ती तितकीशी वाटत नाही. होल्मियमच्या बाबतीतही स्फटिक आयोवाचा आणि झोत टेनेसीचा होता. याच दशकात ध्रुवच्या झोतावर लँथनमयुक्त मँगनाइटांचे काम जोरात चालू होते आणि त्यांच्या चुंबकीय रचना ट्रॉम्बेतच उकलल्या जात होत्या.

सायरसचा शेवट भौतिकशास्त्राने ठरवला नाही. २००५-०६ च्या भारत-अमेरिका अणुकरारात नागरी आणि लष्करी भट्ट्यांची विभागणी झाली, तेव्हा सायरस कायमची बंद करण्याचे भारताने मान्य केले. काही वर्षांपूर्वीच तिची मोठी दुरुस्ती करून तिला पुन्हा उभे केले होते. ३१ डिसेंबर २०१० रोजी ती थांबली. पन्नास वर्षांचे झोत एका कराराच्या कलमाने बंद झाले आणि तिच्यावरचा भार ध्रुववर आला.

गॅडोलिनियमची हकीकत अजून अपुरी आहे, ती सांगून थांबतो. हा धातू न्यूट्रॉन गिळण्यात बोरॉनच्याही पुढे, कितीतरी पटींनी. त्यामुळे त्याची संयुगे न्यूट्रॉनांना दीर्घकाळ बंद पेटीसारखी राहिली. टाटा संस्थेतील ई. व्ही. संपतकुमारन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस गॅडोलिनियम, पॅलेडियम आणि सिलिकॉन यांच्या एका संयुगाचा विद्युतरोध विचित्र वागतो हे नोंदवून ठेवले होते. सुमारे २१ केल्व्हिनला त्यात चुंबकीय व्यवस्था येते. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी त्याचा एकस्फटिक घेतला आणि न्यूट्रॉनांऐवजी अणूच्या विशिष्ट ऊर्जेला अचूक जुळवलेले तीव्र क्ष-किरण वापरले; या रीतीने क्ष-किरणांनाही चुंबकत्व दिसू लागते. आत अणुचुंबकांचे भोवरे एकमेकांशेजारी त्रिकोणी जाळीत बसलेले निघाले. एका भोवऱ्याची रुंदी अडीच नॅनोमीटरच्या आसपास आहे.